पिवळ्या पिशवीवरचा अंगठा

काकी, उद्या तुझं बारावं. त्याला लावायला फोटो हवा म्हणून हेमंतदादाने पहिल्यांदा मलाच विचारलं. साहजिकच आहे. घरात फोटो काढणारी मी. विरारला लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरते, त्यावर पोट भरते. समोरच्याच घरातल्या सख्ख्या काकीचा एक धड फोटो माझ्याकडे नसेल, असं त्याला वाटणार तरी कसं? "तुझ्याकडे असेल ना गं आईचा एखादा चांगला? समोरून काढलेला?" मी म्हटलं, बघते. बघायचं काही नव्हतं. समोरून काढलेला तुझा फोटो माझ्याकडे एकच आहे. तो कुठला हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, पण दोघांपैकी कोणी तो विषय काढला नाही.

तरी मी शोधलं. गेल्या पाच-सहा वर्षांतले घरातले सगळे कार्यक्रम उघडून बसले. माझ्या बहिणीच्या हळदीत तू आहेस, पण तोंडासमोर ताट धरून. शेजारच्या बारशात पाळण्यामागे तुझा अंबाडा आहे आणि त्यात माळलेली अबोली. होडीच्या पूजेला तू पदर पुढे ओढून खाडीकडे बघत उभी आहेस. मी कॅमेरा उचलला की तुझी मान वळायची. लोकांना वाटायचं, काकी लाजते. तू आणि लाजणार! पापलेट दाबून बघून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाचा तू भर बाजारात असा उद्धार करायचीस की तो गुमान टोपलीतलं घेऊन जायचा. तू लाजत नव्हतीस. तू मला शिक्षा करत होतीस, आणि ती शिक्षा आहे हे आपल्या दोघींशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

तू कशी गेलीस, किती वाजता गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ते इथे नको. मला जे सांगायचं आहे ते मी तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं. तेव्हा जीभ उचलली नाही. आता तू ऐकत नाहीस म्हणून मला बोलता येतंय, इतकी मी भित्री.

ते लॉकडाउनचं वर्ष आठव. कॉलेज बंद, बाजार बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या. आमचे सर रानशेतला घरी अडकले होते. त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि सांगितलं, नुसते घरात बसून राहू नका, मोबाइल आहे ना हातात, मग आपापल्या घरात, गल्लीत, वाडीत जे चाललंय त्याचे फोटो काढा. आठवड्याला एक पाठवा. पुढे कोणी विचारलं की तेव्हा कसे जगलात, तर दाखवायला काहीतरी असू दे. वाडीवाल्यांच्या मुलांनी क्रेटमध्ये सडलेले चिकू पाठवले. तलासरीकडच्या मुलांच्या मोबाइलला गुजरातचा टॉवर लागायचा, त्यांचे फोटो दोन-दोन दिवसांनी पोचायचे आणि नेमके तेच चांगले असायचे. मी काय पाठवणार? मी तुला धरलं. तू जवळा वाळत घालताना, तू मांजरीला हाकलताना, तू दाराशी बसून दादाला फोन लावताना. "फोटो काढून सुकतो काय गं जवळा?" तू ओरडायचीस. "मोबाइल ठेव आणि ती पाटी उलटी कर आधी." पण तोंड वळवायची नाहीस. उलट पदर सारखा करून घ्यायचीस.

कॉलेज उघडलं की त्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं, पण त्यासाठी माझा एकही फोटो निवडला जात नव्हता. सर दर रविवारी आवाजातला निरोप पाठवायचे आणि प्रत्येक वेळी माझ्या वाट्याला तेच यायचं. फोटोत गर्दी आहे. एका फोटोत एकच माणूस हवा, एकच गोष्ट हवी. बाकीचं कापायला शिका. ते सर म्हणून चांगले होते आणि आहेत, त्यांना मी दोष देत नाही. कापायचं काय, हे माझं मला कळायला हवं होतं.

आणि मग ती दुपार. हेमंतदादाची बोट गुजरातच्या बंदरात अडकून पडली होती. खलाशांना जमिनीवर पाय ठेवू देत नव्हते, आणि तो फोनवर बरा आहे म्हणाला तरी तू जेवत नव्हतीस. सकाळी कोणीतरी येऊन गल्लीतल्या प्रत्येक घराच्या पायरीवर धान्याची एकेक पिवळी पिशवी ठेवून गेलं होतं. सगळ्यांनी उचलून आत नेली. तुझी तशीच पायरीवर होती. "ज्याला नसंल त्याला देईन," तू आईला म्हणालीस, "माझं पिंप भरलेलं आहे."

दुपारी रुळांच्या बाजूने ती बाई आली. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. बाहेरच्या माणसाला गल्लीत घ्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून एकेक दार बंद होत गेलं. आमचंही झालं. मी माळ्याच्या खिडकीतून बघत होते. तुझं दार उघडं राहिलं. तू तिला पाणी दिलंस, पोराच्या कपाळाला हात लावलास. मग ती पिवळी पिशवी उचलून तिच्यापुढे धरलीस. ती घेईना. बराच वेळ पिशवीवर तुमच्या दोघींचे हात होते. तुझे डोळे भरलेले होते, तू तिला काहीतरी विचारत होतीस. मी फोटो काढला. मग तिने पिशवी घेतली आणि ती गेली. मी वरून ओरडून विचारलं, कोण होती? तू म्हणालीस, "उधव्याला चाललेय चालत. पोर तापलंय तिचं."

काकी, मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही. मी सगळं पाहिलं होतं. तरी मी मोबाइल हातात घेतला आणि डावीकडून बोट सरकवत आणलं. गाठोडं गेलं, पोर गेलं, ती गेली. उरलीस तू. रडवेले डोळे, अर्धवट उघडं तोंड, पिवळ्या पिशवीला लावलेले दोन्ही हात. काय दिसत होतीस! खाली मी ओळ लिहिली: आयुष्यात पहिल्यांदा पसरलेले हात. पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं, उत्तम. मोबाइलची मेमरी भरली होती, म्हणून मूळ फोटो आणि तुझे आधीचे सगळे मी त्याच संध्याकाळी उडवून टाकले.

फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत बोटीवर पोचायला दोन दिवस लागले असतील. तुला कमी ऐकू यायचं म्हणून तू फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचीस. हेमंतदादाचा आवाज मला माळ्यावर ऐकू आला. "आई, मी मेलोय काय? मी जिवंत असताना लोकांपुढं हात पसरलेस?" तो रडत होता. तुला आधी काही समजेना. मग तू मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलंस. मी खाली आले, तुला फोटो दाखवला. तू मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितलास. एकेक अक्षर लावत खालची ओळ वाचलीस. मला वाटलं आता तुझं तोंड सुटेल. तू एवढंच विचारलंस, "आणि ती कुठाय? तिला कुठं टाकलीस?"

मी तुझे पाय धरले. तो फोटो प्रदर्शनात लावणार आहेत, म्हटलं. तू दादाला सांगितलंस तर तो सरांना फोन करील, सगळे मला खोटारडी म्हणतील, माझं नाव काढून टाकतील. काकी, सांगू नको ना कोणाला. "आणि मी कोण? भिकारीण?" तू म्हणालीस. मी रडतच होते. शेवटी तू ओले हात पदराला पुसलेस. "बरं. नाय सांगत."

आणि नाहीच सांगितलंस. एवढी तोंडाळ बाई तू, पोटात काही राहायचं नाही म्हणून सगळी गल्ली तुला भ्यायची, आणि हीच एक गोष्ट तेवढी तू मरेपर्यंत धरून ठेवलीस. कॉलेज उघडल्यावर प्रदर्शन लागलं. मला पहिलं बक्षीस मिळालं, त्या प्रमाणपत्रावर पुढे मुंबईत फोटोग्राफी शिकायला प्रवेश मिळाला. नंतर ते सगळे फोटो तलासरीला बाजाराच्या दिवशी मांडले. तिथे उधव्याची माणसं येतात. ती आली असेल का? फोटोतली तुझी पिवळी पिशवी तिने ओळखली असेल का, आणि शेजारी स्वतःला शोधलं असेल का? पण तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तुझं काय गेलं ते मला ठाऊक आहे, काकी. बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा कोणीतरी तुला विचारलं, धान्य मिळतंय ना काकी, की अजून हवंय? ते हेमंतदादाच्या कानावर गेलं आणि त्याने तुझी टोपली माळ्यावर टाकली. आता बाजारात बसायचं नाही, म्हणाला. लोक म्हणतात मुलगा खायला घालत नाही. लग्न होऊन आलीस तेव्हापासूनची तुझी बाजारातली जागा, चिंचेच्या सावलीतली, ती दुसरीने घेतली. तू भांडली नाहीस. दादा बोटीवरून घरी आला की चपला काढायच्या आधी तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडून बघायचा. मग डाळीचा डबा, मग पिठाचा. "आला इन्स्पेक्टर," तू म्हणायचीस आणि हसायचीस. त्याला कधीच हसू यायचं नाही. आपली आई आपल्यामुळे उपाशी राहिली, हे त्याच्या मनातून कधी गेलंच नाही.

मला तुझा राग येतो. खरंच येतो. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, अक्कल गहाण टाकलेली. तू तर मोठी होतीस. दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्यास. दादाला बोलावून सांगायचं होतंस, ही कार्टी खोटं बोलतेय. मी रडून रडून कितीशी रडले असते? माझ्या एका प्रमाणपत्रासाठी तू तुझी बाजाराची जागा सोडलीस, पोटच्या पोराला आयुष्यभर खजील ठेवलंस, आणि वर मला एका शब्दाने विचारलं नाहीस की पोरी, आता तरी सांगू का? असले उपकार करायचे असतात का कोणावर? ते फेडायचे कुठे?

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. गेल्या दिवाळीत तू दाराशी बसून कोळंबी सोलत होतीस. मी शेजारी बसले. काकी, त्या फोटोचं, असं म्हटलं. तू मान वर न करता म्हणालीस, "भाकरी करपतेय बघ." तव्यावर भाकरी नव्हतीच. मग थोड्या वेळाने तूच विचारलंस, दर वर्षी एकदा तरी विचारायचीस तेच. "ती पोचली असंल ना गं उधव्याला? पोर लय तापलेलं." आणि मी दर वर्षीसारखंच सांगितलं, पोचली असेल. कोळंबीकडे बघत, अगदी सहज. मी तिला फोटोतून काढून टाकली होती. तू तिला अजून घरी पोचवत होतीस.

काल दादा आणि मी स्टुडिओत गेलो. दुसरा फोटो नाहीच म्हटल्यावर तोच द्यावा लागला. दादाने मान खाली घालून स्टुडिओवाल्याला सांगितलं, "फक्त तोंड ठेवा. पिशवी नको, हात नको." म्हणजे तुला पुन्हा कापायचं. स्टुडिओवाल्या काकांनी फोटो पडद्यावर मोठा केला. नुसता चेहरा घेतला तर फोटो फाटेल, धुरकट येईल, म्हणाले, छातीपर्यंत ठेवू आणि पिशवी पुसून टाकू. मग चष्मा वर करून त्यांनी पडद्याच्या डाव्या कडेला बोट लावलं. "हे कोणाचं तरी बोट आलंय. हेपण पुसतो."

काकी, इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. मोबाइलवर नाही, प्रदर्शनातल्या छापील फोटोतही नाही. पिशवीच्या अगदी कडेला एक अंगठा होता. सावळा, नख तुटलेला, मुळाशी गोंदलेले तीन ठिपके. मी कापताना तेवढा राहून गेला होता.

दादा पुढे वाकला. "आईच्या हातावर गोंदण नव्हतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "कोणाचा हा?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, स्टुडिओवाल्यासमोर, सगळं. सांगून झाल्यावर दादाने विचारलं, "म्हणजे आई देत होती?" मी हो म्हटलं. "मग बोलली का नाय मला?" मी म्हटलं, मी तिला सांगू नको म्हटलं होतं. त्याने हात उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पडद्याकडे बघत स्टुलावर बसला. "तिला बाजारात बसायचं होतं," तो म्हणाला. "मला सारखं म्हणायची, बसू दे रे, घरात बसून हाडं गंजली. मी बसू दिलं नाय."

"पुसू का मग?" स्टुडिओवाल्याने हळूच विचारलं.

"काय पुसू नका," दादा म्हणाला. "आहे तसा द्या."

घरी आलो. तो चपला काढायच्या आधी नेहमीसारखा स्वयंपाकघरात गेला. पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी जाऊन बघितलं तर तो झाकण हातात धरून जमिनीवर बसला होता. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. मागच्या महिन्यात त्यानेच भरलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. बोलेल असं मला वाटतही नाही.

आज सकाळी मी उधव्याला गेले. एसटीने तलासरी, तिथून रिक्षा. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. ती भेटली तर उद्या तुझ्या बाराव्याला घेऊन यावं, फोटोशेजारी उभी करावी, सगळ्यांना सांगावं की ही बघा, हिला काकीने दिलं, असं काहीतरी डोक्यात होतं. पाड्यापाड्यावर विचारत फिरले. एका अंगणात एक म्हातारी मिरच्या निवडत बसली होती. तिला मोबाइलवरचा अंगठा दाखवला. तिने तो बघितला आणि स्वतःचा हात पुढे केला. तिच्या अंगठ्यावरही तसेच तीन ठिपके होते.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

"नाव नाही माहीत."

"पोराचं?"

"तेही नाही."

"तेव्हा किती जणी आल्या चालत," ती म्हणाली. "काही मागंच राहिल्या. नाव नाय तर कशी गावंल गं?"

मी दुपारच्या गाडीने परत आले. येताना स्टुडिओतून फ्रेम घेतली. आता ती माझ्या मांडीवर आहे, काचेवर अजून स्टुडिओवाल्याच्या बोटांचे डाग आहेत. उद्या माणसं येतील, हार घालतील, पिवळी पिशवी बघतील आणि मनात तेच म्हणतील जे आजवर म्हणत आलेत. म्हणून मी दाराशी उभी राहणार आहे. येईल त्या प्रत्येकाला अंगठा दाखवून सांगणार आहे, हा दुसरीचा हात, काकी देत होती, हिला मी कापली. दादासमोर सांगणार आहे. सरांनाही बोलावलंय. पण तिच्याविषयी कोणी पुढे विचारलं तर माझ्याकडे सांगायला काही नाही.

फ्रेममध्ये तुझं तोंड अर्धवट उघडं आहे. सगळ्यांना वाटायचं तू काकुळतीला येऊन काही मागतेयस. मी माळ्यावर होते, मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तुझी सवय मला माहीत आहे. दारात आलेल्या कोणालाही तू पाणी दिल्यावर पहिली एकच गोष्ट विचारायचीस, कुत्र्यालासुद्धा विचारायचीस. नाव काय गं बाय तुझं? तेच विचारत होतीस ना तू? ती काय म्हणाली, काकी? एवढं एक सांग. काय नाव सांगितलं तिने?